कॅमेऱ्याला न दिसणारा निळा

फ्रेम करून देणाऱ्या गृहस्थांनी कागद दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "मॅडम, हे निळं कुणा पोरानं गिरवलंय का? हलक्या हातानं खोडरबर फिरवला तर निघेल. काढून देऊ?" मी "नको, नको" असे इतक्या घाईने म्हणाले की माझ्याच आवाजातली धार मला ऐकू आली. गृहस्थ भले होते, चाळीस वर्षे याच धंद्यात होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. एक काळे-करडे चित्र, त्यात दोन माणसे, आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर निळ्या पेन्सिलीने ओढलेल्या तिरक्या रेघा. त्याही अशा बेफिकीर की काही भिंत सोडून माणसाच्या खांद्यावर गेलेल्या. गणिताच्या तासाला कंटाळलेला मुलगा वहीच्या मागच्या पानावर ओढतो तशा.

हा कागद मी सहा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ६० युरोंना घेतला. द्रुओच्या लिलावघरापासून थोड्याच अंतरावर काचेच्या छपराखालच्या जुन्या गल्ल्या आहेत, आणि त्यांतल्या पासाज व्हेर्दो नावाच्या गल्लीत जुनी पुस्तके आणि कागदावरची चित्रे विकणारी दुकाने आहेत. तिथल्या एका दुकानाबाहेरच्या पेटीत हे चित्र पुठ्ठ्याला टेकवून ठेवले होते. पाठीवरच्या चिठ्ठीत तीनच गोष्टी होत्या: 'एकोल फ्राँसेझ', 'सुमारे १९०५', आणि 'आंक्र द शीन ए क्रेयाँ'. यांतली पहिली म्हणजे 'फ्रेंच परंपरा'. चित्र कोणी काढले ते आम्हांला ठाऊक नाही, हे सांगण्याची ती व्यापाऱ्यांची सभ्य रीत आहे. तिसरी म्हणजे चिनी शाई आणि क्रेयाँ. जिला फ्रेंच माणूस चिनी म्हणतो तिलाच इंग्रजांनी भारताचे नाव दिले, आणि आपल्याकडची कमर्शियल आर्टची मुले आपल्याच देशाचे नाव असलेली ती शाई 'इंडियन इंक' म्हणून इंग्रजीतूनच मागतात. काजळी, डिंक किंवा सरस आणि पाणी यांची ही शाई शंभर वर्षांनीही काळीच राहते, कारण काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, आणि उजेड त्याचे काही बिघडवू शकत नाही.

क्रेयाँ या शब्दाने मात्र माझी थोडी फसगत केली. क्रेयॉन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बालवाडीतल्या मेणाच्या रंगीत कांड्या येतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा पसारा बराच मोठा आहे. 'क्रे' म्हणजे खडू; त्यावरून क्रेयाँ, आणि त्यात साधी पेन्सिल आली, चित्रकलेच्या वर्गातली कॉन्टेची कांडी आली आणि शिळाछापासाठी दगडावर रेखाटायची तेलकट कांडीही आली. कॉन्टे हे मुळात एका माणसाचे नाव. निकोला-झाक काँते हा क्रांतिकाळातला हरहुन्नरी यंत्रज्ञ. युद्धामुळे इंग्लंडहून येणारे शिसपेन्सिलीचे ग्रॅफाइट बंद झाले तेव्हा त्याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, भट्टीत भाजून पेन्सिली केल्या आणि १७९५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की पेन्सिल कठीण होते, कमी केले की मऊ. आपण दुकानात एचबी आणि टूबी मागतो त्यामागे त्याचीच युक्ती आहे. माझ्या चित्रातली काळी कांडी मात्र कॉन्टेची नसावी. तिच्या रेघेला एक मंद, मेणचट तुकतुकी आहे आणि बोट फिरवले तरी ती पसरत नाही. शिळाछापाची कांडी मेण, साबण, चरबी आणि काजळी यांची असते, आणि तिची रेघ अशीच दिसते.

आता चित्र. न्यायालयाचा व्हरांडा असावा, कारण डाव्या बाजूच्या पुरुषाच्या अंगावर वकिलाचा पायघोळ काळा झगा आहे आणि गळ्याशी पांढरी पट्टी. तो संपूर्ण शाईत आहे. झगा कुंचल्याने एका दमात भरला आहे, इतका की आत एकही घडी दाखवलेली नाही. फक्त कोपराजवळ कुंचला सुकत आल्यामुळे शाई तुटली आहे आणि त्या तुटण्यानेच हात वाकल्याचे कळते. चेहरा टाकाच्या सहा-सात रेघांचा: नाक, मिशी, झुकलेली पापणी. उजवीकडे बाकावर एक बाई बसली आहे. तिच्या मांडीवर गाठोडे आहे किंवा झोपलेले मूल. मी कधी एक समजते, कधी दुसरे. ही बाई जवळजवळ सगळी क्रेयाँची आहे. शाल, केस, गालाचा खळगा, सगळे कांडीच्या घासण्याने झालेले, आणि कागदाच्या खरबरीत पृष्ठभागामुळे प्रत्येक घासणीचे बारीक ठिपक्यांत रूपांतर झालेले. वकील तिच्याकडे वाकून काही सांगतो आहे आणि ती ऐकते आहे, असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते. आणि दोघांमागे ती निळ्या रेघांची भिंत. उजव्या समासात पेन्सिलीने दोन टोकांचा एक बाण आहे, त्यावर '१४' असा आकडा. खालची कड कात्रीने कापलेली आहे, आणि कापणाऱ्याचा हात फारसा स्थिर नव्हता.

दुकानात उभी असताना मी ते निळे पाहिले आणि मला माझा मामा आठवला. मामा पुण्यात साप्ताहिकांची आणि दिवाळी अंकांची सजावट करीत असे. शीर्षके, चौकटी, कथेवरची चित्रे, जाहिराती, जे येईल ते. त्याच्या टेबलावर एक फिकट निळी पेन्सिल असे आणि ती आम्हां भाचरांना हाताळायला मिळत नसे, म्हणून अर्थातच आम्हांला तीच हवी असे. एकदा मी त्याच्या तयार चित्रावर त्याच पेन्सिलीने एक मांजर काढले. मार पडणार म्हणून कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, तर तो हसून म्हणाला, "राहू दे. निळं कॅमेऱ्याला दिसत नाही." अंक छापून आला तेव्हा खरोखरच मांजर नव्हते. मला त्याचे किती दिवस आश्चर्य वाटत राहिले होते! डोळ्यांना धडधडीत दिसणारी वस्तू यंत्राला दिसू नये, आणि ही गोष्ट माणसाने कामाला लावावी, यात मला तेव्हा जादू वाटली. आजही थोडी वाटते.

कारण साधे आहे. छपाईसाठी चित्राचे जे छायाचित्र घेत असत, त्याची जुनी काच निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असे. कोलोडियन या रसायनाचा लेप दिलेल्या त्या काचेला पांढरा कागद आणि निळी रेघ यांच्यात जवळपास काही फरक वाटत नाही. उलट लाल रेघ तिला काळी वाटते. म्हणून चित्रकाराला छापणाऱ्यासाठी काही सांगायचे असेल आणि ते छापून येऊ द्यायचे नसेल, तर निळ्यासारखी सोय नव्हती. माझ्या चित्रातली भिंत ही अशी सूचना आहे. 'इथे करडा रंग घाल' एवढेच ती म्हणते. तो करडा रंग चित्रकार घालीत नसे. ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करणारा कारागीर ठिपक्यांची किंवा बारीक रेघांची तयार जाळी त्या जागेपुरती उठवीत असे. या यांत्रिक जाळीचे एक पेटंट बेंजामिन डे या अमेरिकन माणसाने १८७९ मध्ये घेतले होते. फ्रेंच छापखान्यांत अशा करड्या भागाला 'ग्रिझे' म्हणत. निळ्या रेघा भिंत सोडून वकिलाच्या खांद्यावर गेल्या आहेत तो निष्काळजीपणा नाही. काळ्यावर करडे चढले तरी काळे काळेच राहणार, हे ओढणाऱ्याला माहीत होते, मग हात आवरायचा कशासाठी?

हे एकदा ध्यानात आले की सगळे चित्रच वेगळे दिसू लागते. शाई आणि क्रेयाँ ही जोडी चित्रकाराच्या लहरीतून जन्मलेली नाही. ती छपाईच्या अडचणीतून जन्मलेली आहे. वर्तमानपत्रात चित्र मजकुराबरोबर एकाच दाबाने छापायचे, तर त्याचा ब्लॉक शिशाच्या खिळ्यांच्याच उंचीचा हवा; फ्रान्समध्ये ती साडेतेवीस मिलिमीटरांच्या आसपास असे. अशा उठावाच्या ब्लॉकला शाई लागते किंवा लागत नाही, मधला करडा असा काही प्रकार त्याला ठाऊक नसतो. लाकडावर चित्र कोरून घेणे हा जुना उपाय होता, पण त्यात कोरक्याचा हात चित्रकाराच्या हातावर बसे. १८५० मध्ये फिर्मँ झियो याने जस्ताच्या पत्र्यावर चित्र उतरवून, आम्लाने बाकीचा भाग खाऊन टाकून, रेघा उठावात आणण्याची पद्धत काढली. त्याचा मुलगा शार्ल याने १८७० नंतरच्या दशकात तिला छायाचित्रणाची जोड दिली. पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप द्यायचा, त्यावर चित्राची काच ठेवून उजेड दाखवायचा, उजेड न लागलेला लेप धुऊन टाकायचा, आणि मग नायट्रिक ॲसिडचे न्हाण. एका न्हाणाने भागत नसे. आम्ल खाली खाते तसे बाजूलाही खाते, आणि बारीक रेघ मुळापासून पोखरली गेली तर छापताना मोडते. म्हणून दर वेळी पत्रा बाहेर काढून, रेघांच्या कडांना शाई आणि राळ यांचे कवच चढवून पुन्हा आम्लात सोडायचा. माझ्या मामाच्या ओळखीचे एक ब्लॉकमेकर होते. त्यांच्या बोटांची नखे पिवळी पडलेली असत, आणि त्यांच्याजवळ उभे राहिले की घशात खवखव होई.

मग करडे आणायचे कुठून? इथे क्रेयाँ येते. पाण्यात पातळ केलेल्या शाईचा करडा ब्लॉकला कळत नाही, पण खरबरीत कागदावर तेलकट कांडी फिरवली की ती कागदाच्या उंचवट्यांवरच बसते, खळगे पांढरे राहतात, आणि डोळ्यांना जे करडे दिसते ते खरे तर हजारो सुटे, पूर्ण काळे ठिपके असतात. प्रत्येक ठिपका हा ब्लॉकच्या दृष्टीने एक छोटी रेघच. या कामासाठी मुद्दाम उठावाची नक्षी असलेले कागदही मिळत, त्यांना झियोचेच नाव होते. छायाचित्रातले खरे करडे छापणारी हाफटोनची पद्धत १८८२ मध्ये जर्मनीत मायझेनबाखने पेटंट करून ठेवली होती, पण तिला गुळगुळीत कागद लागे; स्वस्त वृत्तपत्री कागदावर तिचा चिखल होई. म्हणून विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे फ्रेंच व्यंगचित्रकार टाक, कुंचला आणि कांडी यांनाच चिकटून राहिले. बाईच्या शालीची जी ऊब मला त्या दुकानात जाणवली, ती जस्ताच्या पत्र्याला समजेल अशा भाषेत बोलण्याच्या गरजेतून आली होती, हे कळल्याने ती कमी झाली नाही.

शार्ल झियोविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. हा आम्लाच्या वाफांत वावरणारा धंदेवाईक माणूस जपानी कलेचा मोठा संग्राहक होता, आणि १८८८ ते १८९१ या काळात पॅरिसमध्ये निघणाऱ्या, जपानी कलेला वाहिलेल्या मासिकाची चित्रे त्याच्याच कारखान्यात छापली जात. १९०३ मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याचा संग्रह लिलावात निघाला. त्या काळच्या चित्रकारांच्या रेघेवर जपानी छापचित्रांचा परिणाम झाला असे आपण वाचतो; पण त्यांच्या रेघा ज्या माणसाच्या हाताखालून जात होत्या, त्याच्याच घरी ती छापचित्रे होती, हे क्वचितच कुणी सांगते.

या चित्रांना मागणी येण्याचे कारण एक कायदा होता. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये चित्रांवरची पूर्वतपासणी संपली. त्याआधी अर्धशतकापूर्वी राजाला खादाड राक्षसाच्या रूपात दाखवल्याबद्दल ओनोरे दोमिये तुरुंगात जाऊन आला होता. आता राजाही नव्हता आणि तपासनीसही. १८९४ मध्ये 'ल रीर' हे विनोदी साप्ताहिक निघाले, १९०१ मध्ये 'लासिएत ओ बर', म्हणजे लोण्याची ताटली, जिच्या अंकांत मजकूर नावालाच आणि पानभर चित्रे. स्तेनलेनसारखा, मांजरांसाठी आज जास्त ओळखला जाणारा चित्रकार तिथे गिरणी कामगार आणि धोबिणी काढी.

माझा कागद ज्याच्या वळणावर गेला आहे, तो मात्र स्तेनलेन नव्हे. वकील, बाक, बाई, कमीत कमी रेघा आणि मागे निळी भिंत, हे वळण झाँ-लुई फोरँ याचे आहे. चित्र त्याचे नाही, एवढे मी खात्रीने म्हणू शकते. त्याचे असते तर मला ते ६० युरोंना मिळाले नसते, आणि बाईचा हात त्याने इतका गुबगुबीत काढला नसता. पण काढणाऱ्याने फोरँ पुष्कळ पाहिला होता. त्या काळी तो न पाहणे कठीणच होते.

फोरँ १८५२ मध्ये रँस शहरात जन्मला, पाट्या आणि घरे रंगवणाऱ्याचा मुलगा. तरुणपणी काही काळ तो कवी रँबोबरोबर एका खोलीत राहिला. चित्रकार एदगार देगाने त्याला जवळ केले आणि इम्प्रेशनिस्टांच्या आठ प्रदर्शनांपैकी चारांत त्याची चित्रे लागली. देगा आणि फोरँ यांची एक गोष्ट पॅरिसमध्ये फार सांगितली जाई. फोरँने घरी नवा टेलिफोन बसवला, देगाला जेवायला बोलावले आणि आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे जेवता जेवता घंटा वाजली. फोरँ धावत उठून गेला. परत आल्यावर देगा म्हणाला, "हाच का तो टेलिफोन? तो वाजवतो आणि तू जातोस." खरी असो वा रचलेली, ही गोष्ट फोरँच्याच व्यंगचित्रासारखी आहे. त्याची चित्रे आणि त्यांखालच्या ओळी अशाच असत: दोन माणसे, एक वाक्य, आणि वाक्य संपता संपता एका माणसाची किंमत उतरलेली.

ही किंमत उतरवण्याची हातोटी त्याने कुठे वापरली, हे टाळून मला पुढे जाता येत नाही. १८९४ च्या अखेरीस कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. १३ जानेवारी १८९८ रोजी ड्रायफसच्या बाजूने कादंबरीकार एमिल झोलाचे जाहीर पत्र प्रसिद्ध झाले आणि देश दुभंगला. पुढच्याच महिन्यात फोरँने कारान दाश या चित्रकाराबरोबर 'प्स्त...!' नावाचे चार पानांचे चित्रसाप्ताहिक काढले, ड्रायफसच्या आणि ज्यूंच्या विरोधात. कारान दाश हे टोपणनाव. रशियन भाषेत करंदाश म्हणजे पेन्सिल, आणि हा गृहस्थ जन्माने मॉस्कोचा होता. आज त्या नावाच्या स्विस रंगकांड्या शाळकरी मुले वापरतात. 'प्स्त...!' चे ८५ अंक निघाले. एकाही शब्दावाचून समजतील अशी त्यांतली ज्यूंची विद्रूप केलेली नाके आणि ओठ मी पाहिले आहेत. चित्रकार कामिय पिसारो ज्यू होता, आणि ज्या प्रदर्शनांत फोरँची चित्रे लागली त्या प्रत्येकात पिसारोचीही लागली होती. एकाच भिंतीवर टांगले गेलेले लोक.

यावर सोयीचे उत्तर असे की विचार वाईट, रेघ चांगली. मला ते पटत नाही. 'प्स्त...!' मधली रेघ वाईट नाही, हेच तर त्यातले भयंकर आहे. ती तशीच झपाट्याची, नेमकी, एका दमातली आहे. शंकेला जागाच न ठेवणारी. काळे किंवा पांढरे एवढेच ओळखणाऱ्या ब्लॉकसाठी घडलेला हात माणसांच्या बाबतीतही तसाच चालला, आणि करडे जे काही होते ते निळ्या रेघा ओढून दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले. तंत्रामुळे माणूस असा झाला असे मी म्हणत नाही. त्याच हत्यारांनी आँरी-गाब्रिएल इबेल्स याने ड्रायफसच्या बाजूने 'ल सिफ्ले' काढले होते, तेही त्याच महिन्यात. पण फोरँच्या हाताला हे तंत्र फारच मानवले, एवढे खरे. जुलै १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष ठरला.

आणि तरीही त्याच काळात, १९०० नंतरच्या दशकात, फोरँ न्यायालयात जाऊन बसू लागतो. बाकावर ताटकळणाऱ्या बायका, आरोपीच्या कानाशी लागलेला वकील, साक्षीदार, पोटाशी धरलेली मुले. १८५१ च्या कायद्याने गरिबांना वकील फुकट मिळण्याची सोय झाली होती, आणि त्या सोयीतली लाचारी त्याने जितकी पाहिली तितकी कुणी पाहिली नसेल. त्याचे तैलरंग या विषयावर आहेत, आणि १९०८ च्या सुमारास तो पुन्हा धातूच्या पत्र्यावर कोरू लागला तेव्हा न्यायालय आणि लूर्द या तीर्थक्षेत्राचे आजारी यात्रेकरू हेच त्याचे विषय झाले. या चित्रांत काळ्याचा जोर ओसरतो, रेघ चाचपडते, एकाच खांद्याला चार बाह्यरेषा असतात. खाली वाक्य नसते. वयामुळे, पुन्हा जवळ केलेल्या धर्मामुळे, की ज्या न्यायालयाच्या निकालावर त्याने इतकी खात्री धरली होती त्याचा निकाल उलटल्यामुळे, हे ठरवण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्याने क्षमा मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. ड्रायफसच्या न्यायाविरुद्ध चित्रे काढणारा हात गरीब बाईच्या न्यायासाठी थांबतो. हे एकाच माणसाचे आहे, आणि मला दोन्ही चित्रे एकाच टेबलावर ठेवूनच पाहावी लागतात.

वाक्ये त्याने पुढेही लिहिली. महायुद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात, जानेवारी १९१५ मध्ये, त्याचे सर्वांत गाजलेले चित्र प्रसिद्ध झाले. खंदकात दोन सैनिक. "तग धरला म्हणजे झालं." "कुणी?" "नागरी लोकांनी." चित्र झाकून नुसते वाक्य वाचले तरी चालते, वाक्य झाकून चित्र पाहिले तर दोन थकलेले शिपाई एवढेच उरते. साठी उलटलेला फोरँ स्वतः मग सैन्याच्या छद्मावरण विभागात दाखल झाला, जिथे तोफांना आणि ठाण्यांना शत्रूच्या नजरेपासून दडवण्यासाठी चित्रकारांकडून रंग लावून घेत. दिसावे म्हणून आयुष्यभर काळे वापरलेल्या माणसाला दिसू नये म्हणून रंगवायला बसवले, याची मला गंमत वाटते.

तेव्हा वाक्य महत्त्वाचे. आणि माझ्या कागदाचे वाक्य कापले गेले आहे. चित्राखाली संपादकासाठी हाताने लिहिलेली ओळ असे; कुणी तरी, बहुधा चौकटीत बसवण्यासाठी, कात्री नेमकी त्या ओळीवरून चालवली. अक्षरांचे माथे तेवढे राहिले आहेत. देवनागरी असती तर शिरोरेषा आणि काही वेलांट्या राहिल्या असत्या आणि वाचण्याची आशाच संपली असती. रोमन अक्षरांची अर्धी ओळख त्यांच्या माथ्यांतच असते म्हणून मी भिंग घेऊन बरेच दिवस डोकेफोड केली. तीन उंच उभ्या रेघा, एक वळण, एक ठिपका. फ्रेंच येणाऱ्या एका मैत्रिणीने चार वेगवेगळी वाक्ये सुचवली, चारही विनोदी, चारांतही वकील हुशार आणि बाई भोळी. ओळीच्या सुरुवातीची आडवी रेघ मात्र निःसंशय आहे. फ्रेंचमध्ये संवाद अशा रेघेने सुरू होतो. म्हणजे कुणीतरी बोलते आहे, आणि एकच जण बोलतो आहे, कारण दुसरी रेघ नाही.

त्या दिवशी फ्रेमच्या दुकानात मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणाले की निळे चित्रकाराचेच आहे, छापणाऱ्यासाठी आहे. गृहस्थांनी मान डोलावली. ओशाळलेपण घालवण्यासाठी असेल, किंवा आता खरेच कुतूहल वाटले म्हणून असेल, त्यांनी खणातून घड्याळजीसारखे डोळ्याला लावायचे भिंग काढले आणि कागदावर वाकून बराच वेळ पाहत राहिले. पोस्टरे, पदवीदान समारंभांचे फोटो, देवादिकांच्या तसबिरी यांच्या चौकटी करणारा तो माणूस, आणि त्याच्या नजरेची शिस्त माझ्यापेक्षा वेगळी होती. तो चित्र कोपऱ्यातून सुरू करून ओळीओळीने पाहत होता.

"वकिलाचं तोंड मिटलेलं आहे," ते म्हणाले.

मी म्हटले, त्याच्या मिशीमुळे तसे वाटते.

"नाही हो. मिशीखाली ओठाची रेघ आहे, सलग. शाईची. बाईचं बघा. इथं त्यानं आधी खडू घासला, आणि मग टोकदार काहीतरी घेऊन खरवडलंय. पांढरं काढलंय आतून. तोंड उघडं आहे तिचं. बोलतेय ती."

मी भिंग घेतले. क्रेयाँच्या करड्यात, गालाच्या खळग्याशी, तांदळाच्या दाण्याएवढा कागद खरवडून मोकळा केलेला होता. सहा वर्षे मी ती खरवड म्हणजे कागदाला झालेली इजा समजत होते. काळ्याने भरलेल्या, झुकलेल्या, गप्प वकिलासमोर ती बाई काहीतरी सांगते आहे, आणि वाकून ऐकतो आहे तो वकील. मैत्रिणीची चारही वाक्ये त्याच क्षणी निकालात निघाली.

मग माउंट किती रुंद घ्यायचा, यावर बोलणे आले. खालची कापलेली कड वाईट दिसते, ती अर्ध्या इंचाने माउंटखाली दाबली की चित्र स्वच्छ होईल, असे त्यांचे मत पडले, आणि धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. मी कड उघडी ठेवायला सांगितली, बाणाचा समाससुद्धा. त्यांनी फूटपट्टी घेऊन मापे टिपली, खालच्या बाजूला तीन मिलिमीटर जागा सोडली आणि त्या एका आडव्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "ही दिसायला पाहिजे ना?" मी हो म्हणाले. पावतीवर त्यांनी निळ्या बॉलपेनने लिहिले: 'खालची कड झाकू नये. निळे पुसू नये.'